एक बत्ती निळी

१

डोळे मिटा पाहू. मिटलेत? आता मी सांगतो ते नजरेसमोर आणा.

चोरखमाऱ्याच्या तलावाची पाळ. पाळ म्हणजे मातीचा लांबलचक बांध, आणि त्याच्यावरून जाणारा एकच अरुंद रस्ता. एका अंगाला काळं पाणी. दुसऱ्या अंगाला उतार, उतारावर बेशरमाची दाट झुडपं आणि खाली शेतात कापून आडवे टाकलेले धानाचे कडपे. डिसेंबर महिना आहे, सूर्य नुकताच बुडालाय. पलीकडच्या जंगलात काहीतरी एकदाच ओरडून गप्प झालंय. तुम्ही सहावीत आहात, पाठीवर दप्तर आहे, आणि सोबतीला एक म्हातारा माणूस आहे. तो आहे म्हणूनच तुम्हाला या रस्त्यावर चालायचं धैर्य होतंय.

आता डोळे उघडा. २०११ सालच्या त्या संध्याकाळी या जागी खरोखर एक मुलगी होती. तिचं नाव खुशबू. म्हाताऱ्याचं नाव जागेश्वर. कालव्याचं गेट सांभाळणारा तो चौकीदार. शिष्यवृत्तीच्या जादा तासामुळे खुशबूला उशीर व्हायचा, म्हणून जागेश्वर आजा रोज गेटावरचं काम आटोपून तिला गावापर्यंत पोहोचवायचा.

"आजा, जंगलात वाघ हाय काय?" खुशबूनं विचारलं.

"हाय. पन तो तुह्यासारख्या बडबड्या पोरीले खात नाई. त्याचे कान दुखते."

खुशबू हसली, आणि त्याच क्षणी समोरच्या वळणावरून उजेड आला.

गाडीच्या बत्त्या तुम्ही पाहिल्या आहेत. पण हा उजेड तसा नव्हता. तो डोळ्यांत घुसणारा, थंड, विजेसारखा उजेड होता. खुशबूला समोरचा रस्ता दिसेना, आजा दिसेना, स्वतःचे हातही दिसेनात. गाडीचा आवाज मात्र जवळ जवळ येत राहिला. मग कोणीतरी तिला जोरात ढकललं. ती उतारावरून घरंगळली आणि बेशरमाच्या झुडपात अडकली. वर काहीतरी धप्पकन आदळलं.

ती मान वर करून बघत राहिली. झोत आता तिच्या डोक्यावरून जात होता, त्यामुळे पहिल्यांदा तिला बत्त्या नीट दिसल्या. गाडी क्षणभर थांबली. पाळेवर वळवायला जागा नव्हती, म्हणून ती उलटी मागे जाऊ लागली. दोन्ही बत्त्या खुशबूकडे बघत बघत मागे सरकल्या. एक दुधासारखी पांढरी, जराशी पिवळसर. दुसरी निळी, जांभळी होत चाललेली.

मग अंधार झाला. आजा हाक देईना.

२

खुशबू धावत गावात आली. माणसं गाडीसाठी लोकेशच्या घराकडे पळाली, कारण गावात चारचाकी त्याच्या एकट्याकडे होती. केशोराव पटल्यांच्या तिरोड्याच्या राइस मिलमधली जुनी मोठी गाडी त्यानं विकत घेतली होती आणि तो ती भाड्यानं चालवायचा. लोकेश घरी नव्हता. शेवटी जागेश्वरला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गवत घालून नेलं. तो गोंदियाच्या दवाखान्यात पोहोचला तेव्हा जिवंत होता, पण शुद्धीत नव्हता.

लोकेश थोड्या वेळानं पायीच आला. "गाडी पंक्चर झाली, रस्त्याकाठी सोडून आलो," म्हणाला. खुशबूच्या वडिलांचा तो जुना मित्र. तिच्याजवळ बसला, तिला पाणी पाजलं, डोक्यावरून हात फिरवला.

सकाळी पोलीस आले. खुशबूनं जे पाहिलं ते सांगितलं. एक बत्ती पांढरी, एक निळी. इतका झगझगीत उजेड साध्या बत्त्यांचा नसतो, तो झेनॉन बल्बचा असतो, आणि तसे बल्ब त्या भागात दोनच गाड्यांना होते. एक लोकेशची गाडी. दुसरी त्याच बनावटीची, केशोरावांनी नंतर घेतलेली गाडी.

तासाभरातच पोलिसांनी दोन्ही गाड्या ठाण्याच्या अंधाऱ्या शेडमध्ये उभ्या करून बत्त्या लावल्या. लोकेशच्या गाडीच्या दोन्ही बत्त्या पांढऱ्या निघाल्या, अगदी सारख्या. केशोरावांच्या गाडीची एक बत्ती पांढरी होती, आणि एक निळी.

केशोरावांची गाडी चालवायचा संघदीप रामटेके. खुशबूचा बाप.

३

मुलांनो, खरं बोलावं असं आम्ही मोठी माणसं तुम्हाला सांगत असतो. पण खरं बोलल्यामुळे स्वतःचा बाप ठाण्यात जाऊन बसला तर काय करायचं, हे कोणी सांगून ठेवत नाही. खुशबू दिवसभर घराच्या कोपऱ्यात बसून होती. बाहेर कोणी गाडी थांबवली की ती आणखी आत सरकायची. बापानंच आजाला उडवलं असेल का, हा विचार ती दारासारखा ढकलून लावायची, आणि तो परत उघडायचा.

तपास फौजदार अल्का बिसेन यांच्याकडे होता. त्या आवाज चढवत नसत. समोरच्याला बोलू द्यायच्या आणि मधेच एखादा साधा प्रश्न विचारायच्या.

"संध्याकाळी कुठं होतास?" त्यांनी संघदीपला विचारलं.

"गोंदियाच्या स्टेशनावर, मॅडम. मालकाचा पाहुना येनार होता. गाडी आली, पाहुना आलाच नाई. मी बाहेर गाडीत बसून होतो."

"कोणी पाहिलं?"

"कोन पाहीन? ड्रायव्हरले कोन पाह्यते?"

"आणि बत्ती निळी कशी?"

"तेच मले समजून नाई राहिलं. दिवाळीच्या आधी दोन्ही बल्ब नवे टाकले होते. काल राती मी गाडी मिलमंदी लावली तेव्हा दोन्ही पांढरेच होते."

"गाडीला आज सकाळी कोणी हात लावला?"

संघदीपनं डोकं खाजवलं. "गाडी मिलच्या शेडात होती. मी पानी पाह्याले बोनट उघडलं होतं. लोकेश आला, त्याच्यासाठी चहा आनाले गेलो. उमेंद्रभाऊ बी तिथंच फिरून राहिले होते. बाकी कोनी नाई."

अल्का मॅडमना एक शंका होती. मालकाच्या मुलानं अपघात करावा आणि ड्रायव्हरनं तो अंगावर घ्यावा, असं त्यांनी याआधी पाहिलं होतं. उमेंद्र हा केशोरावांचा मुलगा. गाडीची दुसरी किल्ली त्याच्याकडे असे. विचारल्यावर तो ती किल्ली बोटात फिरवू लागला.

"मी घरीच होतो."

"तुझी आई म्हणते, नव्हतास."

उमेंद्रनं दाराकडे पाहिलं. "बाबांना सांगू नका. मी बिरसीला होतो. विमानतळाच्या कुंपणाबाहेर बसतो मी. ट्रेनिंगची विमानं उतरताना बघतो. बाबांना वाटतं मी मिलचा हिशोब शिकतोय."

"रोज?"

"जवळजवळ रोज. तिथला चहावाला मला पायलट म्हणून चिडवतो."

अल्का मॅडम बिरसीला गेल्या. चहावाला म्हणाला, "हाँ, पायलट कल भी आया था. अंधेरा होने तक यहीं बैठा था, मोटरसायकल पे."

म्हणजे उमेंद्र सुटला. आणि उरला एकटा संघदीप. दुसऱ्या दिवशी त्याला कोर्टात उभं करायचं होतं. केशोरावांनी त्याच्या जागी दुसरा ड्रायव्हर बघायला सुरुवातही केली होती.

४

पण अल्का मॅडमच्या मनात एक कुसळ राहिलं होतं. दिवाळीच्या आधी दोन्ही बल्ब नवे, तर निळा कुठून आला? त्या गोंदियाच्या बाजारात ईश्वरदासच्या दुकानात गेल्या. गाड्यांचे सुटे भाग विकणारा हा माणूस स्टुलावर बसून एका गिऱ्हाइकाला समजावत होता, म्हणून त्याही ऐकत उभ्या राहिल्या. तुम्हीही ऐका, पुढे उपयोगी पडेल.

"देखो भैया," ईश्वरदास म्हणत होता, "पहले पुराने बल्ब के पीछे का नंबर देखो. वही नंबर लेना, नहीं तो बैठेगा ही नहीं. बाद में रंग देखो. डिब्बे पे चार हजार तीन सौ लिखा है, तो दूध जैसा उजाला. छह हजार, आठ हजार, तो नीला होता जाएगा. बडा नंबर याने जादा उजाला, ऐसा मत समझना. बरसात में नीले से कुछ नहीं दिखता. और जोडी में बदलो. एक नया, एक पुराना, तो गाडी कानी दिखेगी."

गिऱ्हाईक गेल्यावर अल्का मॅडमनी आपलं काम सांगितलं.

"संघदीप? हाँ, ले गया था. चार हजार तीन सौ की जोडी. समझदार आदमी है, पूरी जोडी ली."

"मग त्यातला एक दोन महिन्यांत निळा झाला? नवा बल्ब निळाच असतो का?"

ईश्वरदास हसला. "सब यही समझते हैं मैडम. नीला याने नया, शौकीनवाला. उल्टा है. ये झेनॉन जलते जलते बूढा होता है, तो नीला पडता है, फिर जामुनी. उसके बाद एक दिन बुझ जाता है. बरसों लगते हैं. दो महीने में नहीं होता."

अल्का मॅडमनी हे वहीत टिपून घेतलं. मग म्हणाल्या, "आणखी कोणाला विकलेत असे बल्ब?"

"लोकेश को. उसी टाइम. उसका एक बुझ गया था, उसको एक ही चाहिए था. मैंने मना किया. बोला, दूसरा तो चालू है, चालू चीज कायको फेंकना. मेरे पास एक जोडी का एक टूटा हुआ था, तो बचा हुआ दे दिया."

"म्हणजे लोकेशच्या गाडीत एक नवा आणि एक जुना?"

"होना तो यही चाहिए."

पण ठाण्याच्या शेडमध्ये तर लोकेशच्या दोन्ही बत्त्या सारख्या पांढऱ्या होत्या.

"तुमचा बल्ब ओळखता येतो का?" अल्का मॅडमनी हळूच विचारलं.

ईश्वरदासनं गल्ल्याखालून नखपॉलिशच्या बाटल्या काढल्या. लाल, हिरवी, गुलाबी. "लोग पुराना बल्ब ला के बोलते हैं, सेठ, कल ही लिया था, बदल दो. इसलिए बेचने से पहले हर जोडी की बैठक पे एक रंग का टिपका लगाता हूँ. संघदीप की जोडी हरी. लोकेश का वो अकेला, लाल."

५

त्याच दुपारी खुशबू घरात एकटी होती. आई धान बांधायला गेली होती. संघदीप नाही म्हणून काम थांबत नाही.

दारात सावली पडली. लोकेश होता. त्यानं आत येऊन दार लोटलं आणि पाटावर बसला.

"जेवलीस काय, बाई?"

खुशबूनं नकारार्थी मान हलवली.

"तुह्या बापाले उद्या कोर्टात नेऊन राहिले. मले जेवन गेलं नाई." तो थोडा पुढे सरकला. "आयक. तू लहान हास. भेवली होतीस. मॅडमले सांगजो, का दोन्ही बत्त्या सारख्याच होत्या, मलेच चुकीचं दिसलं. एवढंच. बाप उद्या घरी येते."

"पन सारख्या नोहत्या, काका."

"कोनाले माहीत? तुले एकटीले." तो हसला नाही. "लहान लेकराले कोनी काई म्हनत नाई."

तो जे सांगत होता ते किती सोपं होतं पाहा. एक वाक्य, आणि बाप घरी. तिला हो म्हणावंसं वाटलं. खूप वाटलं. मग तिला झुडपातून वर पाहिलेली ती पाळ आठवली, आणि हाक न देणारा आजा. ती उठून चुलीजवळच्या पातेल्यावरचं झाकण नीट बसवू लागली. लोकेश तिच्याकडे बघत बसला.

बाहेर जीप थांबली. लोकेश पटकन उठला आणि मागच्या दारानं निघून गेला.

अल्का मॅडम आत आल्या आणि जमिनीवरच बसल्या. त्यांनी खुशबूचे हात हातात घेतले.

"एकच विचारते. बत्त्यांचं आम्हाला सकाळी सांगितलंस. त्याच्या आधी, रात्री, कोणाला सांगितलं होतंस?"

"आईले सांगाचं होतं. पन आई आजासंग ट्रॉलीत गेली होती. बाप उशिरा आला, तेव्हा मी झोपली होती."

"मग कोणालाच नाही?"

खुशबू मागच्या दाराकडे बघू लागली. तिथून अजून थंड वारा येत होता.

"लोकेश काकाले," ती म्हणाली. "त्यानंच इचारलं होतं. म्हने, काय काय दिसलं, सारं सांग."

६

इथं जरा थांबा. पुढं वाचायच्या आधी तुम्हीच सांगा पाहू, काय झालं असेल. सगळं तुमच्यासमोर ठेवलं आहे. घाई करू नका.

सुचलं? आता ताडून बघा.

अल्का मॅडमनी ईश्वरदासच्या दुकानातला मिस्त्री बोलावला. झेनॉनचा बल्ब पेटताना हजारो व्होल्टचा झटका देतो, म्हणून त्यानं आधी बत्त्या बंद असल्याची खात्री केली, आणि मग काचेला बोट न लावता दोन्ही गाड्यांचे बल्ब बाहेर काढले. संघदीपच्या गाडीत एका बल्बावर हिरवा ठिपका होता. दुसरा, निळा पडलेला, बिनठिपक्याचा. लोकेशच्या गाडीत एकावर लाल ठिपका होता, आणि दुसऱ्यावर हिरवा.

"जोडीतला एक भाऊ इथं, एक तिथं," अल्का मॅडम पाळेवर आणलेल्या लोकेशला म्हणाल्या. "आता ऐक, लोकेश. तुझ्या गाडीत एक नवा बल्ब होता आणि एक म्हातारा. चालू आहे म्हणून तू तो काढला नाहीस. अपघातानंतर या पोरीनं तुला सांगितलं की तिला दोन रंग दिसले. तुझी गाडी बाहेर आली असती तर त्याच रात्री कोणीही ओळखली असती, म्हणून ती आधीच 'पंक्चर' झाली होती. सकाळी संघदीप तुझ्यासाठी चहा आणायला गेला, आणि तू बोनट उघडंच असलेल्या त्याच्या गाडीतून एक पांढरा बल्ब काढून आपला निळा बसवलास. एकच अदलाबदल. तुझ्या बत्त्या जुळल्या, त्याच्या बिघडल्या. पण संघदीपचे दोन्ही बल्ब एकाच दिवशी बसवलेले. ते म्हातारे झाले असते तर बरोबरच झाले असते. एकटाच म्हातारा झाला, म्हणजे तो त्याचा नव्हताच."

संध्याकाळ झाली होती. गोंदियाच्या दवाखान्यात आजा अजून शुद्धीवर आला नव्हता. मॅडमनी बल्ब आपापल्या मूळ जागी परत बसवून लोकेशची गाडी पाळेवर आणली होती, त्याच वळणावर. गावची माणसं खाली उतारावर उभी होती. ठाण्यातून आणलेला संघदीप त्यांच्या पुढे उभा होता. त्याच्या हाताला आता कोणी धरलं नव्हतं.

"ठिपके काय, कोनीबी लावते," लोकेश म्हणाला. पण आवाज बारीक झाला होता. "अन् पोरगी भेवली होती. अंधारात तिनं काय पाह्यलं?"

"तेच बघू. गाडीत बस, आणि बत्त्या लाव."

लोकेश चालकाच्या जागी बसला. बत्त्या पेटल्या. आधी दोन्ही निळसर थरथरल्या, मग हळूहळू स्थिर झाल्या. एक दुधासारखी झाली. दुसरी निळीच राहिली.

खुशबू आजाच्या जागी उभी होती. उजेडानं तिला पुन्हा आंधळं केलं. बाप मागून म्हणाला, "नको वाटत असन तं ये इकडं, माय. तुले कोनी जबरदस्ती नाई करून राहिलं."

ती मागे गेली नाही.

"याच होत्या," ती म्हणाली. पहिल्यांदा कोणाला ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा म्हणाली. मग तिनं ती गोष्ट सांगितली जी आतापर्यंत तिनं कोणालाच सांगितली नव्हती. गाडीतला माणूस आपला बापच असेल या भीतीनं सांगितली नव्हती.

"गाडी थांबली तेव्हा दार उघडलं होतं. एक पाय खाली आला होता, काका. आजा तवा कन्हत होता. मग तो पाय परत आत गेला."

खालच्या पाण्याचा चुबुक चुबुक आवाज येत राहिला. काचेआड लोकेशचा चेहरा दिसत नव्हता, फक्त स्टिअरिंगवर ठेवलेले हात दिसत होते.

"उतरनार होतो मी," तो आतून म्हणाला. "खरंच उतरनार होतो."

खुशबू चालू लागली. थेट बत्त्यांच्या दिशेनं, डोळे न मिटता. झोतातून ती बाजूला आली, चालकाच्या दारापाशी थांबली, दोन्ही हातांनी मूठ ओढून तिनं ते दार उघडलं, आणि लोकेशचा पाय खाली येईपर्यंत ते धरून उभी राहिली.